विश्लेषण : पैसा आहे, गरज आहे, तरी नवे अवजड लष्करी मालवाहू विमान का बनत नाही?

गलवान खोऱ्यातील २०२०च्या संघर्षानंतर भारतीय हवाई दलाने ६८ हजारांहून अधिक जवान, सुमारे ९० रणगाडे आणि ३३० पायदळ लढाऊ वाहने पूर्व लडाखला पोहोचवली. रणगाडे उचलण्याचे काम अमेरिकी ‘सी-१७ ग्लोबमास्टर’ आणि सोव्हिएत बनावटीच्या ‘आयएल-७६’ या विमानांचे. यांपैकी ‘सी-१७’ भारताकडे ११ आहेत. नवे कोरे बारावे आज कितीही पैसे मोजले तरी मिळणार नाही, कारण त्याचा कारखाना २०१५ मध्येच बंद झाला. ‘आयएल-७६’ तर हवाई दलात १९८५ पासून आहेत. ४० टनांहून अधिक भार नेणारे लष्करी मालवाहू विमान आज चीन आणि रशिया सोडले तर कोणीही बनवत नाही. लढाऊ विमानांच्या नव्या पिढ्या येत असताना मालवाहू विमानांचे घोडे नेमके कुठे अडले आहे?

मोठे प्रवासी विमानच का वापरत नाहीत?

मोठ्या प्रवासी विमानाचा मजला जमिनीपासून बराच उंच असतो. त्यात जड माल चढवायला खास उचल-यंत्र लागते आणि सीमेवरच्या धावपट्टीवर ते मिळेलच याची खात्री नसते. म्हणून लष्करी मालवाहू विमानाचे पंख धडाच्या वर बसवतात, पोट जमिनीलगत आणतात आणि शेपटीखाली उतरता दरवाजा म्हणजे रॅम्प देतात. रणगाडा त्यावरून स्वतःच आत चढतो. त्याचे वजन पेलायला मजला भक्कम हवा, ते वजन धावपट्टीवर पसरायला चाके जास्त हवीत. ‘सी-१७’च्या पोटाखाली १२ आणि नाकाखाली २ चाके आहेत ती यासाठी. शिवाय आखूड, प्रसंगी कच्च्या धावपट्टीवर उतरता यायला हवे, हवेतच रॅम्प उघडून छत्रीधारी सैनिक आणि सामान सोडता यायला हवे आणि हजारो किलोमीटर न थांबता जाताही यायला हवे.

या मागण्या एकमेकींच्या मुळावर येतात. मजला भक्कम केला की वजन वाढते, वजन वाढले की धावपट्टी लांब लागते, आखूड धावपट्टीसाठी पंख मोठे केले की वेग आणि पल्ला घटतो. लेहचा विमानतळ दहा हजार फुटांहून अधिक उंचीवर आहे. तिथल्या विरळ हवेत इंजिनाची ताकद कमी पडते आणि उड्डाणासाठी वेग मात्र जास्त लागतो. समुद्रसपाटीवर जेवढा भार घेऊन विमान उडते तेवढा तिथून घेता येत नाही. ‘सी-१७’मध्ये यावर एक युक्ती आहे. इंजिनांचा झोत थेट पंखांमागच्या झडपांवर सोडला जातो आणि त्यातून जादा उचल मिळते. त्यामुळे एवढे अजस्र विमानही सुमारे एक किलोमीटरच्या धावपट्टीवर उतरू शकते.

आणि हे सगळे करून ग्राहक कोण? फक्त सरकारे. लोकप्रिय प्रवासी विमाने हजारोंच्या संख्येने विकली जातात. ‘सी-१७’ हे या वर्गातले यशस्वी विमान, पण तेही एकूण २७९ बनले. संशोधनाचा आणि चाचण्यांचा खर्च एवढ्याच विमानांवर वाटायचा म्हटल्यावर किंमत चढणारच.

आजची नावाजलेली विमाने सुरुवातीला कशी होती?

बदनाम होती. लॉकहीडच्या ‘सी-५’ या महाकाय विमानाचा करार १९६५ मध्ये झाला तेव्हा विकास आणि उत्पादन या दोन्हींची किंमत एकाच वेळी, विमान कागदावर असतानाच बांधून घेतली गेली. अमेरिकी हवाई दलातील खर्चतज्ज्ञ अर्नेस्ट फिट्झगेराल्ड यांनी १९६८ मध्ये काँग्रेसच्या समितीपुढे सांगितले की खर्च सुमारे दोन अब्ज डॉलरने वाढू शकतो. खरे बोलल्याचे बक्षीस म्हणून त्यांची नोकरी गेली. ती परत मिळवायला त्यांना अनेक वर्षे भांडावे लागले. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी हलके केलेले ‘सी-५ए’चे पंख पुढे कमकुवत ठरले आणि १९८०च्या दशकात ते बदलावे लागले.

‘सी-१७’साठी मॅकडॉनल डग्लस कंपनीची निवड १९८१ मध्ये झाली. पहिले उड्डाण झाले १९९१ मध्ये. पुढच्याच वर्षी जमिनीवरच्या चाचणीत त्याचा पंख अपेक्षित भाराच्या आधीच मोडला. १९९३ अखेरीस पेंटागॉनने कंपनीला दोन वर्षांची मुदत दिली. सुधारणा करा, नाहीतर ४० विमानांवर प्रकल्प थांबेल, असा तो निर्वाणीचा इशारा होता. कंपनी सुधारली आणि अमेरिकी हवाई दलाने अखेर २२३ विमाने घेतली. हा इतिहास युरोपला ठाऊक होता. तरीही २००३ मध्ये युरोपने जवळपास ‘सी-५’सारखाच करार केला.

युरोपचा ‘ए-४००एम’ प्रकल्प कुठे फसला?

युरोपीय देशांची मालवाहू विमानासाठीची चर्चा १९८२ पासून सुरू होती. आधी अमेरिकेची लॉकहीडही सोबत होती. १९८९ मध्ये ती बाहेर पडली आणि तिने आपल्याच ‘सी-१३०’ची सुधारित आवृत्ती आणली. इटलीनेही पुढे अंग काढून घेतले. अखेर मे २००३ मध्ये सात देशांनी एअरबसशी १८० विमानांचा, २० अब्ज युरोंचा करार केला. जर्मनी ६०, फ्रान्स ५०, स्पेन २७, ब्रिटन २५, तुर्कस्तान १०, बेल्जियम ७ आणि लक्झेंबर्ग १ अशी ती वाटणी होती. किंमत ठरलेली, वाढीला वाव जवळपास नाही. प्रवासी विमानांच्या बाजारात मुरलेल्या एअरबसने लष्करी विमानही तसेच बनेल असे गृहीत धरले. तिचा पाय खोलात गेला तो इथे.

सात देशांच्या अपेक्षाही सात तऱ्हेच्या होत्या. कुणाला लांब पल्ला महत्त्वाचा, कुणाला डोंगरदऱ्यांतून कमी उंचीवरचे उड्डाण, कुणाला हवेत हेलिकॉप्टरमध्ये इंधन भरण्याची सोय. जो देश जितकी विमाने घेणार तितके काम त्या देशातल्या कारखान्यांना, हा आणखी एक नियम. म्हणजे सुटा भाग कोण उत्तम बनवतो यापेक्षा कुणाच्या वाट्याचे काम शिल्लक आहे, हा प्रश्न मोठा ठरला. या बारभाई कारभाराचा सर्वात मोठा फटका इंजिनाला बसला.

‘ए-४००एम’साठी पंख्याचे म्हणजे टर्बोप्रॉप इंजिन ठरले होते. कच्च्या धावपट्टीवर ते सोयीचे, इंधनही कमी पिते. पण सुमारे ११ हजार अश्वशक्तीचे असे इंजिन पाश्चात्त्य देशांत तोवर कोणी बनवले नव्हते. प्रॅट अँड व्हिटनी कॅनडा या अनुभवी कंपनीचा प्रस्ताव समोर होता आणि तो स्वस्तही होता. तरी इंजिन युरोपचेच हवे, हा सरकारांचा आग्रह टिकला. काम रोल्स रॉइस, फ्रान्सची स्नेक्मा, जर्मनीची एमटीयू आणि स्पेनची आयटीपी यांनी मिळून स्थापलेल्या युरोप्रॉप कंपनीला गेले. चार कंपन्या, नवे इंजिन आणि त्यावर नवाच, ५.३ मीटर व्यासाचा आठ पात्यांचा पंखा.

अडचण आली ती मात्र धातूच्या भागांत नाही, तर कागदांत. ‘ए-४००एम’ला लष्करी मान्यतेआधी नागरी विमानासारखे प्रमाणपत्र मिळवायचे होते. त्यासाठी इंजिन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची प्रत्येक पायरी, प्रत्येक चाचणी नोंदीसह दाखवावी लागते. सॉफ्टवेअर तयार होते, पण ते या निकषांनुसार सिद्ध करता येत नव्हते. ते काम मोठ्या प्रमाणात पुन्हा करावे लागले. इंजिन नाही म्हणून विमान नाही, विमान नाही म्हणून हप्ते नाहीत, असे चक्र सुरू झाले. जानेवारी २००९ मध्ये एअरबसच्या मूळ कंपनीने, ईएडीएसने, किमान तीन वर्षांचा उशीर जाहीर केला. त्या वर्षाच्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेने आठ विमानांची मागणी रद्द केली. दुष्काळात तेरावा महिना. ११ डिसेंबर २००९ रोजी स्पेनमधील सेव्हिल येथून पहिले उड्डाण झाले खरे, पण तोवर पैशांचे गणित पार कोलमडले होते.

मार्च २०१० मध्ये सरकारांनी हात सैल केला. करारात दोन अब्ज युरो वाढवून दिले, उशिराचा दंड माफ केला आणि आणखी दीड अब्ज पुढच्या निर्यातीतून परत मिळतील या बोलीवर दिले. त्या बदल्यात जर्मनी आणि ब्रिटनने विमाने कमी केली. १८० ची १७० झाली. प्रत्येक विमान त्यामुळे आणखी महाग पडले. पहिले विमान फ्रान्सला ऑगस्ट २०१३ मध्ये मिळाले.

सेव्हिलच्या अपघातात काय घडले?

९ मे २०१५ रोजी तुर्कस्तानसाठी तयार झालेले एक ‘ए-४००एम’ पहिल्या चाचणी उड्डाणासाठी सेव्हिलहून निघाले आणि काही मिनिटांतच कोसळले. सहापैकी चार कर्मचारी मृत्युमुखी पडले. चारपैकी तीन इंजिने उड्डाणानंतर थोड्याच वेळात आदेश मानेनाशी झाली होती. तपासात पुढे आलेले कारण विलक्षण होते. जमिनीवर सॉफ्टवेअर भरताना, इंजिनाचा जोर मोजण्यासाठी लागणारी आकडेवारी तीन इंजिनांमधून चुकून पुसली गेली होती. ती नसल्याचे जमिनीवर कळण्याची सोय नव्हती. ठरावीक उंची गाठल्यावरच वैमानिकांना इशारा मिळाला. विमानाची बांधणी, पंख, इंजिने यांत दोष नव्हता. एवढ्या गुंतागुंतीच्या यंत्रात चूक लपायला किती जागा असतात, हे या अपघाताने दाखवले. त्यानंतर २०१६ मध्ये पंख्याला जोडणाऱ्या गिअरबॉक्सची दुखणी निघाली. एअरबसने या प्रकल्पात अब्जावधी युरो गमावले.

विमान वाईट निघाले असे मात्र म्हणता येत नाही. ३७ टनांपर्यंत भार नेणारे हे विमान कच्च्या धावपट्टीवरही उतरते. २०२१ मध्ये काबूलमधून आणि २०२३ मध्ये सुदानमधून नागरिकांना बाहेर काढताना ते उपयोगी पडले. ब्रिटनने २०२३ मध्ये जुनी ‘सी-१३०’ निवृत्त करून सगळी मदार त्याच्यावर ठेवली. बाजाराने मात्र पाठ फिरवली. भागीदार देशांबाहेर मलेशियाने चार, कझाकस्तान आणि इंडोनेशियाने प्रत्येकी दोन विमाने घेतली.

मग बंद पडलेला जुना कारखानाच सुरू का करत नाहीत?

हा प्रश्न ‘सी-१७’बाबत वारंवार येतो. २०२५च्या पॅरिस हवाई प्रदर्शनातही एका देशाशी अगदी प्राथमिक बोलणी सुरू असल्याचे बोइंगने सांगितले. (मॅकडॉनल डग्लस १९९७ मध्ये बोइंगमध्ये विलीन झाली.) पण विमानाचा कारखाना म्हणजे नुसती शेड नव्हे. हजारो सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या-मोठ्या कंपन्या, साचे आणि हातात कसब असलेले कामगार असा तो पसारा असतो. मागणी थांबली की पुरवठादार दुसरे काम धरतात, कामगार निवृत्त होतात. ‘सी-१७’चे इंजिन हे बोइंग ७५७ या प्रवासी विमानाच्या इंजिनाचे लष्करी रूप, ७५७ चे उत्पादन २००४ मध्येच थांबले. कॅलिफोर्नियात लाँग बीच येथे जिथे ‘सी-१७’ जुळवली जात, त्या इमारतीत आता रॉकेट बनवणारी कंपनी आहे.

भारताला याची झळ बसली आहे. २०११ मध्ये घेतलेल्या दहा विमानांनंतर आणखी घ्यावीत असा विचार झाला, पण निर्णय होईपर्यंत बोइंगने शेवटी बनवून ठेवलेली विमाने इतरांनी उचलली होती. शिल्लक राहिलेले एकमेव विमान ऑगस्ट २०१९ मध्ये भारताला मिळाले.

रशियाचा अनुभवही असाच. ‘आयएल-७६’ सोव्हिएत काळात ताश्कंदमध्ये बनायचे. देश फुटला आणि कारखाना उझबेकिस्तानात राहिला. उत्पादन रशियातील उल्यानोव्स्कला हलवून सुधारित विमान २०१२ मध्ये उडाले, पण वर्षाकाठी मोजकीच विमाने बाहेर पडतात. त्याहून मोठ्या ‘एएन-१२४’चे उत्पादन पुन्हा सुरू करण्याच्या घोषणा मॉस्कोत अनेकदा झाल्या. त्याचे इंजिन बनवणारा कारखाना युक्रेनमधील झापोरिझ्झियात आहे, एवढे सांगितले तरी पुरे.

खुद्द अमेरिकेने आहे तेच ताणायचे ठरवले आहे. हवाई दलाच्या नियोजनात ‘सी-५’ २०४५ पर्यंत आणि ‘सी-१७’ २०७५ पर्यंत वापरण्याची शक्यता धरली आहे. १९९१ मध्ये पहिल्यांदा उडालेले विमान त्या हिशेबाने ८४ वर्षांनीही सेवेत असेल.

चीनला कसे जमले?

शीआन येथे बनणारे ‘वाय-२०’ जानेवारी २०१३ मध्ये उडाले आणि जुलै २०१६ मध्ये चिनी हवाई दलात दाखल झाले. चीनने केलेली शहाणपणाची गोष्ट म्हणजे विमान आणि इंजिन यांची गाठ सुरुवातीला मारली नाही. पहिली विमाने रशियाच्या जुन्या, ‘आयएल-७६’वर वापरल्या जाणाऱ्या इंजिनांवरच उडवली. इंधन जास्त लागले, भार कमी नेता आला, पण कारखाना चालू राहिला. स्वतःचे ‘डब्ल्यूएस-२०’ इंजिन नंतर बसवले. ब्राझीलच्या एम्ब्राएरनेही हेच केले. २६ टन भाराच्या ‘सी-३९०’साठी तिने प्रवासी ‘ए-३२०’वर वर्षानुवर्षे चाललेल्या इंजिनाचीच आवृत्ती घेतली. चीनमध्ये ग्राहक एक, मालक एक आणि मागणी मोठी. किती पैसा गेला, किती चाचण्या फसल्या हे विचारणारी संसद नाही, त्यामुळे त्या यशाची खरी किंमत बाहेर कळत नाही, हेही ध्यानात ठेवायला हवे.

भारताने प्रयत्न केला नाही का?

केला. रशियासोबत २० टन भाराचे मध्यम मालवाहू विमान बनवण्याचा करार २००७ मध्ये झाला, २०१० मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्सची (एचएएल) संयुक्त कंपनीही स्थापन झाली. खर्च निम्मा-निम्मा, २०५ विमाने बनवायची, त्यातली ४५ भारताची. माशी शिंकली ती पुन्हा इंजिनावरच. रशियाने देऊ केलेले इंजिन जुन्या धाटणीचे होते. भारताला संगणक-नियंत्रित इंजिन हवे होते आणि उंचावरच्या उष्ण तळांवर ते पुरेसे चालेल याची खात्री हवी होती. २०१६ मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला.

आता टाटा आणि एअरबस मिळून ‘सी-२९५’ हे छोटे मालवाहू विमान बनवत आहेत. ५६ विमाने, २१,९३५ कोटी रुपये. १६ स्पेनमधून आणि ४० बडोद्यात. नागपूरच्या मिहानऐवजी हा कारखाना गुजरातला गेला म्हणून २०२२ मध्ये महाराष्ट्रात मोठा राजकीय धुरळा उडाला होता. देशात खासगी कंपनीने संपूर्ण लष्करी विमान जुळवण्याचा हा पहिलाच प्रकल्प आहे आणि त्यातून पुरवठादारांची साखळी उभी राहील, हे त्याचे खरे मोल. पण ‘सी-२९५’ नऊ टनांच्या आसपास भार नेते. आराखडा स्पेनचा, इंजिन कॅनडाचे. त्यावरून एकदम अवजड विमानावर उडी मारता येत नाही.

पुढे काय?

हवाई दलाने डिसेंबर २०२२ मध्ये १८ ते ३० टन भार नेणाऱ्या मध्यम मालवाहू विमानांसाठी कंपन्यांकडून माहिती मागवली. देशात उत्पादन ही त्यातली अट. लॉकहीडचे ‘सी-१३०जे’, एम्ब्राएरचे ‘सी-३९०’ आणि एअरबसचे ‘ए-४००एम’ हे प्रमुख दावेदार आहेत. लॉकहीडसोबत टाटा, तर एम्ब्राएरसोबत महिंद्र आहे. यातले कोणतेही विमान ‘सी-१७’ची जागा घेऊ शकत नाही. टी-९० रणगाड्याचे वजन ४६ टनांच्या घरात असल्याने तो यांपैकी कशातच मावण्याचा प्रश्न नाही.

पण लडाखसाठी खास विकसित होत असलेला हलका रणगाडा ‘झोरावर’ २५ टनांचा आहे. ‘सी-१३०जे’ची क्षमता सुमारे २० टन, म्हणजे तो त्यात जाणार नाही. ‘सी-३९०’च्या २६ टनांत तो कागदावर जेमतेम बसतो, लेहच्या उंचीवर किती बसेल हे वेगळे गणित. ‘ए-४००एम’ तो सहज उचलेल, पण ते तिघांत सर्वात महाग. १८ आणि ३० या दोन आकड्यांमधले अंतर म्हणूनच मोठे आहे. अंतिम निविदेत यांपैकी कोणता आकडा लिहिला जातो, त्यावर पुढची तीस-चाळीस वर्षे प्रत्येक झोरावरसाठी त्या ११ ‘सी-१७’पैकीच एखादे मोकळे आहे का हे पाहावे लागेल की नाही, हे ठरेल.